अकरा बॅटऱ्या

अकराव्या लॅपटॉपचं बटण निबियानं बराच वेळ दाबून धरलं. पडदा काळाच राहिला.

"हाही गेला," ती म्हणाली.

"चौदातले अकरा," झुल्माबाई म्हणाल्या. माळावरच्या त्या शाळेत त्या एकट्याच शिक्षिका. मुलांचं दुपारचं जेवणही त्याच रांधायच्या. "मंगळवारी तुमचं ते अपडेट आलं आणि मी स्वयंपाकघरातून परत येईतो वर्गाचं कब्रस्तान झालेलं. वा, इंजिनियरबाई!"

निबियानं अकरावा लॅपटॉप मिटला. अपडेट तिचंच होतं. बटण दाबल्यावर मशीनमध्ये जे सर्वांत आधी जागं होतं, ते फर्मवेअर ती लिहायची. खेड्यातल्या शाळांसाठी बनवलेल्या या स्वस्तातल्या लॅपटॉपांत जागा जेमतेम, त्यामुळे जुनं पुसून त्याच जागी नवं लिहावं लागे. त्या चार मिनिटांत मशीनला ना जुनं आठवत असे, ना नवं. तेवढ्यात वीज तुटली की संपलं. म्हणून तर बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असल्याशिवाय अपडेट सुरूच होत नसे. वर काळ्या पडद्यावर ठळक अक्षरं: काम चालू आहे. बंद करू नका. आणखी काय करायचं राहिलं होतं?

राजधानीतून, मोन्तेविदेओहून निघताना साहेब, अनीबाल, म्हणाला होता, "पोरांनीच काहीतरी उपद्व्याप केलाय. तसं लिहून आण, विषय मिटला." तसं लिहिलं की मशीन बदलून मिळत नसत. मग वर्षभर पोरांनी फळ्याकडे बघत बसायचं.

उरलेले तीन लॅपटॉप मात्र ठणठणीत होते. त्यांची मुलं मंगळवारी तापानं घरी होती. मागच्या उंच फळीवर चार्जिंगला लावलेल्या त्या लॅपटॉपांना कुणी हात लावला नव्हता आणि त्यांच्यावर नवं फर्मवेअर बिनबोभाट चढलं होतं.

म्हणजे बाकीचे कुणीतरी बंद केले होते.

"कुणी केलं हे?" तिनं वर्गाला विचारलं. गणवेशाच्या पांढऱ्या डगल्यांतली मुलं खाली बघू लागली. मग खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. सात वर्षांची, यामिला. गळ्याशी बांधलेला निळा बो सुटून लोंबत होता.

"मी. सगळ्या बॅटऱ्या मीच काढल्या."

"अगं, बंद करू नका असं लिहिलं होतं ना समोर?"

"मला अजून एवढं वाचता येत नाही." यामिलानं खिडकीकडे बोट दाखवलं. "बाहेर वीज कडाडत होती. पडदे काळे झाले. घरी वीज कडाडली की प्लग काढायचं काम माझं. फ्रिजचा, रेडिओचा. आजोबा म्हणतात, एक जरी राहिला तरी वस्तू जळलीच. इथं प्लग काढले तरी आतला दिवा पेटलेलाच. म्हणून मग बॅटऱ्या काढल्या. रामिरो देत नव्हता, त्याला ढकललं." तिनं डोळे पुसले. "तरी त्यांतला एकही वाचला नाही. मला भरभर पळताच आलं नाही."

निबिया पुढच्या बाकावर बसली.

मग तिनं अंगणात जाऊन अनीबालला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मग इशारा मोठा कर," अनीबाल म्हणाला. "लाल अक्षरांत टाक."

"लाल दिसलं असतं, तर ती पोर बॅटऱ्या काढायला आणखी जोरात पळाली असती."

"मग काय करतेस? जुनं-नवं शेजारी ठेवायला त्या चिपमध्ये जागा कुठंय?"

"जागा मी काढते. आणि चूक आपली होती असं लिहून देते. मशीन दुरुस्त होऊन परत येतील."

मशीन तशी परत आली. आणि हिवाळाभर निबिया जागा काढत बसली. मशीन सुरू होताना वाजणारी छोटी धून तिनं स्वतः बसवली होती, ती गेली. उगवत्या सूर्याचं चित्र गेलं. ओळीमागून ओळी गेल्या. शेवटी एवढी जागा झाली, की नवं जुन्याच्या शेजारी लिहायचं, ते एकदा धडपणे उभं राहीपर्यंत जुन्याला बोटही लावायचं नाही.

वसंतात ती एक लॅपटॉप घेऊन शाळेत आली.

"यामिला त्या दिवसापासून लॅपटॉपला शिवत नाही," झुल्माबाई दारातच म्हणाल्या. "दिला तर शेजारच्याकडे सरकवते आणि हात पाठीमागे धरून बसते."

निबियानं लॅपटॉप यामिलापुढे ठेवला, चार्जर जोडला आणि अपडेट सुरू केलं. पडदा काळा झाला. यामिला मागे सरकली.

"चार्जर काढ. आता बॅटरी."

"नको."

"मी सांगतेय ना. खेच."

तिनं बाईंकडे पाहिलं. बाईंनी मान हलवली. यामिलानं डोळे मिटले आणि बॅटरी ओढून काढली. आतला दिवा विझला.

"आता परत बसव. आणि बटण दाब."

मुलं बाकांवर चढून बघत होती. पडदा काळा. काळाच. मग एक पांढरी ओळ उमटली, तिच्याखाली दुसरी, आणि पडदा उजळला. वर्गानं एकच गिल्ला केला. रामिरोनं बाक बडवला. झुल्माबाईंनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

यामिला मात्र ओरडली नाही. ती उजळलेल्या पडद्याकडे बघत राहिली, मग निबियाकडे.

"असं करता येत होतं?"

"हो."

"मग आधीच का नाही केलंत?"