शून्याच्या खाली

“रोज करता तसंच करा, बाबा,” लेक म्हणाली. आवाज तिने घट्ट ठेवला होता.

बाबांनी दार लावून कडी घातली. कारखान्याच्या चिमणीतून जाणारा वायू मोजणाऱ्या मीटरची ही खोली जेमतेम चार पावलांची. बारा वर्षं ते रोज आठ तास इथेच बसत. आम्ल बनवणाऱ्या त्या कारखान्यात सगळे त्यांना शून्यमास्तर म्हणत, कारण मीटरचा काटा शून्यावर आणल्याशिवाय ते सकाळी पाण्यालाही तोंड लावत नसत. मास्तरांनी आयुष्यभर शून्य मिळवलं आणि तेही रोज नव्याने, अशी फिटर मंडळी थट्टा करत. मास्तरही त्यांच्यात मिळून हसत.

लेक सरकारच्या मोजणी कार्यालयात होती. देशाच्या कारखानदारीतून किती नायट्रस ऑक्साइड हवेत जातो, त्याचा तीस वर्षांचा तक्ता तिच्या टेबलावर तयार होत होता. हा वायू डोळ्यांना दिसत नाही, नाकाला झोंबत नाही, पण पृथ्वी तापवण्यात कोळशाच्या धुराचा बाप. तो सोडणारा कारखाना देशात हा एकच, मीटर एकच, आणि मीटरवर माणूसही एकच. तक्त्यातली रेघ आधी अठरा वर्षं सपाट चालली होती. पुढची बारा वर्षं ती जिना उतरावा तशी खाली येत होती. वरची मंडळी खूश होती. उद्या तक्ता छापायला जायचा होता. आणि काल दुपारी तिच्या लक्षात आलं, की त्याच बारा वर्षांत वायू अडवणारं एकही यंत्र कारखान्यात बसलेलं नाही.

मग रेघ उतरली कशी? तिच्या वरिष्ठ बाईंनी चष्मा काढून एवढंच विचारलं होतं, की मीटरवर तुझे वडीलच ना. लहानपणी तिने रस्त्यात सापडलेली पेन्सिल घरी आणली, तर ती जागच्या जागी ठेवून यायला ह्याच माणसाने तिला भर उन्हात परत चालवलं होतं. तो आकडे खोटे लिहील? पण भीती मोठी वाईट. एकदा मनात शिरली, की देवमाणसाच्या कपाळावरही डाग शोधते.

बाबांनी ओल्या फडक्याने टेबल पुसलं. खिडकीच्या फटींवर चिकटवलेल्या पट्ट्या अंगठ्याने दाबून पाहिल्या. धूळ येऊ नये म्हणून दरवर्षी ते एक पट्टी वाढवत. स्वच्छ हवेवर शून्य लावावे, असा नियम होता. त्यासाठी पूर्वी स्वच्छ हवेच्या बाटल्या येत. काटकसरीत त्या बंद झाल्या, त्यालाही बारा वर्षं झाली. मग बाबा खोलीतलीच हवा वापरू लागले. साऱ्या कारखान्यात ह्या खोलीइतकी स्वच्छ हवा कुठे नाही, असं ते छाती पुढे काढून सांगत. देव्हारा ठेवावा तशी ती खोली त्यांनी ठेवली होती.

त्यांनी चिमणीकडून येणाऱ्या नळीची मीटरजवळची चावी बंद केली, मीटरला खोलीतली हवा दिली आणि स्क्रू फिरवू लागले. स्क्रू बोटांना सापडेना. हल्ली हातापायांना मुंग्या येत. शर्टाची बटणं लेकीची आई लावून देई, वर नवरदेव म्हणून चिडवी. पायातली चप्पल कधी निसटली तेही त्यांना कळत नसे. चौपन्नाव्या वर्षी डॉक्टरांनी वयावर बोट ठेवून त्यांना घरी पाठवलं होतं.

“लागलं शून्य,” बाबा म्हणाले. मग तिच्याकडे न बघता हळूच विचारलं, “पोरी, तू मलाच तपासायला आलीस ना?”

तिने पिशवीतून कार्यालयाची मोहोरबंद बाटली काढली. आत स्वच्छ हवा होती. बाबांनी शून्य खरं लावलं असेल, तर ह्या हवेवर काटा तसूभरही हलायला नको. तिने नळी जोडली.

काटा हलला.

तो खाली गेला. शून्य ओलांडून आणखी खाली गेला आणि तिथेच ठाण मांडून बसला. काहीच नसण्यापेक्षा कमी काय असणार? तिने आकडा टिपला, चिमणीचं बारा वर्षांपूर्वीचं वाचन काढलं, त्यातून चिमणीचं आजचं वजा केलं. काटा शून्याखाली जेवढा गेला होता, फरक बरोबर तेवढाच.

बाटलीत काहीच नव्हतं. जे होतं ते खोलीत होतं. चिमणीतून येणारी नळी टेबलाखालून मीटरकडे जात होती. वाकून तिने सांध्याशी हात नेला. तळव्याला बारीक झुळूक लागली. सांधा वर्षागणिक सैल होत गेला होता. बंद खोलीत वायू जितका साचत गेला, तितकं बाबांचं शून्य वर सरकलं, आणि तितकीच चिमणी देशाला स्वच्छ दिसली. धूर कधी कमी झालाच नव्हता. बारा वर्षं, रोज आठ तास. हा वायू वर्षानुवर्षं श्वासात गेला, तर हातापायांच्या नसा मारतो. तिने बाबांच्या बोटांकडे पाहिलं.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही काही खोटं लिहिलं नाहीत. ही खोलीच...”

बाबांनी पहिलं तेवढंच ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. ती कडी काढायला दाराकडे धावली. मागे ते खुर्चीत टेकले, डोळे मिटून त्यांनी देवाचं नाव घेतलं, आणि छाती भरून सुटकेचा एक लांब, खोल श्वास घेतला.