पाचवं पाऊल

"हा माल कधीचा?" गोजराने दुकानातल्या काचेच्या टेबलावरचा खोका उचलून उलटा केला. मासळी असती तर कल्ले उघडून बघितले असते. इथे उघडायला काही नव्हतं, म्हणून तिने वास घेतला.

"आये, काय करतेस!" धनेश तिच्या कानाशी पुटपुटला. एकतीस वर्षांचा, ऐरोलीच्या कंपनीत टीम लीडर झालेला माणूस, पण त्याचे कान लालबुंद झाले.

"मशीन पाच वर्षांपूर्वीचं आहे, मावशी," दुकानातला अश्विन म्हणाला. "गेम खेळायला याच्यासारखं दुसरं नाही. तेव्हा पन्नास हजारांना होतं, आता पंचावन्न."

गोजरा खो खो हसली. चाळीस वर्षं ती करावेच्या बाजारात म्हावरा विकत होती. सकाळी सहाशेला असलेला पापलेटचा जोड संध्याकाळी चारशेला जातो आणि जगातल्या सगळ्या मालाचं असंच असतं, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. पाच वर्षांपूर्वी धनेशने हेच मशीन घ्यायचं काढलं तेव्हा तिनेच त्याला थांबवलं होतं. म्हणाली, जरा शिळं होऊ दे, भाव पडेल. आणि शहाण्या लेकाने ऐकलंही होतं.

"मेल्या, शिल्याचा भाव वाढलेला कदी ऐकलायस?"

अश्विनने बिचाऱ्याने समजावून सांगितलं. डॉलर चढला, आतल्या चिपा महागल्या, न्हावा शेवाला उतरणाऱ्या कंटेनरचं भाडं वाढलं. पूर्वी मशीन जुनं झालं की स्वस्त व्हायचं, आता नाही होत. "आणि आज संध्याकाळी भावांची नवीन लिस्ट येणार आहे. आत्ताच घ्या, मावशी. नंतर म्हणाल सांगितलं नाही."

इथेच सगळं बिनसलं. 'आत्ताच घ्या, नंतर मिळायचं नाय' हे गोजरा स्वतः दिवसातून शंभरदा म्हणायची. त्यात किती खरं असतं हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक? तिने धनेशचं मनगट धरलं.

"चल. मागं बगू नको. पाचव्या पावलाला हाक मारतोय बग."

तिसऱ्या पावलाला तिने पदर खोचला. चौथ्याला थांबून चप्पल नीट केली. पाचवं, सहावं, दहावं पाऊल पडलं. दोघं सरकत्या जिन्यापर्यंत आले तरी मागून हूं नाही की चूं नाही.

"धंदा शिकलाच नाय तो," गोजरा म्हणाली. "संध्याकाली येऊ. आपसूक खाली येतंय."

धनेशच्या खात्यात बरोबर पंचावन्न हजार होते. सव्वा वर्ष शनिवारी ड्युटी करून जमवलेले. आत्ताच घेऊ या, असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईने घासाघीस केल्याशिवाय त्याने आजवर साधी छत्रीसुद्धा घेतली नव्हती.

संध्याकाळी सात वाजता दोघं परत आले तेव्हा त्याच खोक्यावर नवी चिठ्ठी होती. साठ हजार.

धनेशने ती वाचली आणि हातातला फोन खिशात टाकला. "राहू दे, आये. तसंही खेळायला वेळ कुठे असतो?" वर हसलासुद्धा. लहानपणी जत्रेत खेळणं मिळालं नाही की तो असाच हसायचा. भांडला असता तर गोजराला बरं वाटलं असतं.

तिने कमरेची पिशवी सोडली. म्हावऱ्याच्या वासाच्या ओलसर नोटा, मोजून पाच हजारांच्या, टेबलावर ठेवल्या. अश्विनने त्या दोन बोटांनी उचलल्या.

"घे. पन वर काय देशील?"

"वर काही नाही, मावशी. उलट गेम वेगळा घ्यावा लागेल. साडेपाच हजार."

"म्हंजे आत खेल नाय?"

"आत नुसतं मशीन."

"आरं द्यवा! साठ हजाराला रिकामी पाटी, नि म्हावरा वेगला?"

मशीन घरी आलं. टीव्हीखाली बसलं. धनेशने बटण दाबलं तसा सुंदर निळा दिवा लागला. खेळायला काही नव्हतं, तरी तो अर्धा तास त्या दिव्याकडे बघत बसला. गेम पुढच्या पगाराला घेऊ म्हणाला. गोजराने मनाशी ठरवलं, पुढच्या पगाराला कशाला? चूक माझी, तर खेळही मीच आणणार.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमाराला मालतीबाई बाजारात आल्या. सीवूड्सला राहणाऱ्या रिटायर बाई. बारा वर्षांत भाव पडायच्या आधी कधी फिरकल्या नव्हत्या.

"काय गं गोजरा, पापलेटचा जोड कसा?"

"सातशे."

"सातशे? सकाळी तर सहाशे होता म्हणे!"

"शिला झाला नि चढला. डॉलर वाढलाय, बाय. उद्या नवीन लिस्ट येनार हाय. आत्ताच घ्या."

मालतीबाई तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग पिशवीची घडी घातली आणि वळल्या. गोजराने हाताची घडी घातली. म्हटलं, जाऊ दे. अश्विनने मारली होती का हाक?

एक पाऊल. दोन पावलं. तिसऱ्याला मालतीबाईंनी पदर खोचला. चौथ्याला थांबून चप्पल नीट केली. गोजराने पाटीत पाहिलं. बर्फाचं कधीच पाणी झालं होतं आणि पापलेटांचे डोळे पांढरे पडायला लागले होते.

"ओ बाय!" पाचव्या पावलाला गोजरा ओरडली. "या, या! चारशेला न्या. नि हे मूठभर बोंबील वर घ्या."