साध्या पेट्रोलवर

"अठ्ठ्याण्णव ऑक्टेनचं संपलंय. साधं आहे, एक्क्याण्णवचं. भरू?" पंपावरच्या बाईने विचारलं.

लेकीने बाबांकडे पाहिलं. बाबांच्या स्पोर्ट्स कारचं इंजिन भारी ऑक्टेनच्या पेट्रोलसाठीच घडवलेलं होतं. साधं पेट्रोल घालून चढावर जोर केला, की ते वेळेआधीच पेटतं, इंजिनात हातोडीसारखे ठोके पडतात आणि पिस्टनची वाट लागते. डोंगरावरची शर्यत उद्या सकाळी होती. चांगलं पेट्रोल वरच्या गावात, आयोजकांच्या पिंपांत होतं. पण तिथवर पोचायला हवं ना!

"भरा. वर जाण्यापुरतं," बाबा म्हणाले. शर्यतीच्या दुनियेत सगळे त्यांना उस्ताद म्हणत.

पलीकडच्या रांगेत वाघ नावाचा दुसरा शर्यतवाला उभा होता. गेल्या वर्षी यानेच उस्तादांना नखभर फरकाने हरवलं होतं. गाडी तशीच, अडचणही तीच. त्यानेही साधंच भरलं, हात हलवून "उस्ताद, वर भेटू!" म्हणाला आणि सुसाट सुटला.

उस्ताद मात्र मांडीवर झोपलेलं बाळ असल्यासारखे निघाले. पाय हलका, घाई नाही. वाळूचे ट्रक पुढे गेले, दुधाची गाडी पुढे गेली. एका टेंपोवाल्याने तर मान बाहेर काढून विचारलं, "काका, धक्का मारू का?"

लेकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "बाबा, लोक हसतायत."

"हसू देत. मी इंजिन ऐकतोय."

बाबांची गाडी गेली कित्येक वर्षं लेकच सांभाळत होती. साध्या पेट्रोलवर जपून चालवायचं हे तिलाही कळत होतं, पण इतकं? तिच्या मनात भलतीच पाल चुकचुकली. बाबा थकले. गेल्या वर्षी हरल्याचा त्यांनी धसका घेतला. उद्याची शर्यत झाली की सांगून टाकायचं, आता पुरे.

शेवटच्या चढाखाली वाघाची गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसली. बॉनेट उघडं, आतून धूर. वाघ दगडावर डोकं धरून बसला होता.

उस्तादांनी गाडी थांबवली. "ठोके ऐकू आले नाहीत?"

"आले. म्हटलं, एवढा चढ काढेल." वाघाने वर पाहिलं नाही. "पिस्टन गेला, उस्ताद. माझं यंदाचं संपलं."

लेकीच्या मनात पटकन आलं, चला, बाबांचा रस्ता मोकळा झाला. तेवढ्यात उस्ताद म्हणाले, "संपलं कसं? गाड्या एकेक करूनच चढतात. एका गाडीवर दोघांनी नाव दिलं तरी नियमात बसतं. उद्या आधी तू चालव माझी, मग मी."

तिने बाबांना हाताला धरून बाजूला नेलं. "डोकं ठिकाणावर आहे का बाबा? तुमच्याच गाडीने तो तुम्हाला हरवेल!"

"हरवेल तर हरवेल. पण तो घरी बसला म्हणून मिळालेला कप मी ठेवू कुठे?"

सकाळी तिनेच टाकी रिकामी करून अठ्ठ्याण्णवचं भरलं, जरा आदळआपट करतच. वाघ आधी गेला. समोरच्या डोंगरावरचा सगळा रस्ता खालून दिसत होता. मोठ्या वळणावर गाडीचा मागचा भाग जरासा सरकला, तेवढंच. बाकी त्याने डोळ्यांचं पारणं फेडलं. फळ्यावर त्याची वेळ सगळ्यांच्या वर लागली. गाडी खाली आणून तो उतरला. उस्ताद आत बसल्यावर खिडकीशी वाकून काहीतरी बोलला. आभार मानत असणार, असं लेकीला वाटलं.

मग उस्ताद निघाले. काल मुंगीच्या पावलांनी चढलेली ती गाडी आज डोंगर पिऊन टाकावा तशी वर गेली. जपून आणलेलं इंजिन खणखणीत गात होतं. कालचा माणूस हाच का, असं लेकीला झालं. मोठ्या वळणावर गाडी अगदी बाहेरच्या कडेने वळली, दरीला खेटून. तिने डोळेच मिटले. उघडले तेव्हा गाडी वळण पार करून गेली होती.

उस्ताद जिंकले. नखभर फरकाने. गाडी खाली येताच त्यांना खांद्यावर घ्यायला सगळ्यात आधी वाघ धावला.

गर्दी ओसरल्यावर लेक डोळे पुसत जवळ गेली. "बाबा, त्या वळणावर तुम्ही जन्मभर आतूनच गेलात. आज बाहेरून का?"

उस्तादांनी हेल्मेट तिच्या हातात दिलं.

"आत खडी सांडलीय, म्हणाला वाघ. तो तिथेच घसरला होता."