उतरलेल्या पापण्या

घाटाच्या वळणावर बस आपोआप थांबली. “चालक झोपला आहे,” असा चालकाच्या डोळ्यांवर नजर ठेवणाऱ्या गाडीतल्या यंत्रणेचा आवाज आला.

चालक शेवंता गावित टक्क जागी होती. वयामुळे तिच्या पापण्या बुबुळांवर उतरल्या होत्या, एवढंच. दृष्टी चांगली असल्याने हा सौंदर्योपचार ठरतो, असं सांगून सरकारी आरोग्य योजनेने तिची पापण्या उचलण्याची शस्त्रक्रिया नाकारली होती.

मागून ट्रकचा हॉर्न ऐकू आला. वळणाआडची बस त्याला दिसणार नव्हती.

“ताई, लवकर काहीतरी करा,” कंडक्टर रोहिदास म्हणाला.

“मागे उभे राहा आणि माझ्या पापण्या वर धरा.”

त्याने बोटांनी पापण्या उचलल्या. गाडीने तिचे डोळे पुन्हा तपासले आणि इंजिन सुरू झालं. ट्रक वळणातून बाहेर आला तेव्हा बस जेमतेम पुढे सरकली होती.

पायथ्यापर्यंत रोहिदासने हात काढले नाहीत. प्रवासी समोरच्या दांड्या घट्ट धरून बसले होते.

डेपोत पोहोचताच शेवंताने योजनेच्या कार्यालयात फोन लावला. “माझी दृष्टी चांगली आहे, हे तुम्ही बसलाही लिहून द्या.” मग तिने घाटातला प्रकार सांगितला.

पलीकडच्या बाईने तिचा नाकारलेला अर्ज उघडला. तो वाचून ती हळूच म्हणाली, “पुन्हा अर्ज करा. यावेळी कारणाच्या रकान्यात प्रवाशांची संख्या लिहा.”