पंजाचे माप

सकाळचे ऊन खिडकीच्या गजांतून सावकाश आत आले. आधी कानशीवर, मग लाकडाच्या भुशावर रेंगाळले आणि शेवटी शिकारीच्या सुरीच्या नव्या मुठीवर येऊन थबकले. ही सुरी भाऊजींना हवी आहे, असे ताई म्हणाली होती. त्यांनी हातात दाबून दिलाय म्हणत ओल्या मातीचा गोळा तिनेच मापासाठी आणून दिला होता. त्यावरच्या बोटांच्या खुणांबरहुकूम मी अक्रोडाची मूठ कोरली, घासली आणि तेल पाजून आरशासारखी केली.

"भाऊजींचा पंजा एवढासा?" ताई सुरी न्यायला आली तेव्हा मी हसून विचारले. "आवाज तर चार घरं ऐकतात."

"माती वाळली की आकसते, शहाण्या," ती म्हणाली. पण हसली नाही.

तिने सुरी उचलली. तिचे एकेक बोट आपापल्या खाचेत अलगद जाऊन बसले.

"ताई, ही नक्की भाऊजींसाठीच ना?"

"त्यांना यातलं काही बोलू नकोस," ती दाराकडे पाहत हळूच म्हणाली.

 

भाऊजी ताईला मारतात.