सहीच्या फोटोतली सुरमई

"आपोलिना, तुकडो बारीक झालो गो," रोजचं गिऱ्हाईक हरिश्चंद्र पुटपुटला.

आपोलिनाने त्याच्या ताटात पाहिलं. सुरमई चांगली तळहाताएवढी होती. मग तिच्या लक्षात आलं, तो बघतोय भिंतीकडे.

भिंतीवर एका नटाचा फोटो होता. आठ वर्षांपूर्वी तो मालिकेतला रुबाबदार इन्स्पेक्टर होता, तेव्हा मालवणात येऊन तिच्या खाणावळीत जेवला होता. सुरमईचं ताट पुढ्यात घेऊन त्याने फोटो काढवला, खाली झोकात सही ठोकली. पुढे त्याला बापाची कामं मिळाली, मग आजारी बापाची. हल्लीच्या मालिकेत तर तो नुसती हार घातलेली तसबीर होता. खाणावळ मात्र अजून त्या सहीवरच चालली होती.

"खाऱ्या वाऱ्यान फोटोचो रंग उडता रे," ती घाईघाईने म्हणाली.

वर्षभर ती सगळ्यांना हेच सांगत होती. गिऱ्हाइकंही मान डोलवायची, कारण माशांची अशी झणझणीत तिखलं गावात दुसरीकडे मिळत नव्हती.

पुढच्या रविवारी, ऐन गर्दीत, ताटं घेऊन निघालेली तिची सून फेबी फोटोखाली थबकली. फोटोतल्या ताटात आता नुसता काटा होता. भाताचं शीतही नव्हतं. नट तसाच हसत होता, पण मान वळवून, स्वयंपाकघराच्या दाराकडे.

सगळ्यांनी आपापल्या ताटात डोकी खुपसली. कोणी तोंड उघडलं तर बाकडी रिकामी होतील, या धास्तीने आपोलिनाने फेबीला डोळ्यांनी दटावलं.

"मम्मी," फेबी म्हणाली, "हो फोटोतलो जेवता आसा. आणि आता तुमी कधी वाढतास, त्याची वाट बघता."