खोलून ठेवलेला गिअर

गिअर आधीच खोलून ठेवलेला होता. बंद कारखान्याच्या शेडमध्ये, बाकावर पसरलेल्या स्वच्छ फडक्यावर, पुसून, तेल लावून. मॅडम दारातच थबकल्या. वाटभर मनाशी जुळवलेली वाक्यं तशीच राहिली.

त्या ऑक्सिजन प्लांटच्या मेंटेनन्स प्रमुख. काल त्यांच्या जुन्या कॉम्प्रेसरच्या गिअरचे दात तुटले. बनवणाऱ्या कंपनीने ते मॉडेल केव्हाच बंद केलं होतं. नवा गिअर घडवून घ्यायचा तर तीन आठवडे, आणि दवाखान्यांकडे सिलिंडर उरले होते दोन दिवसांचे. फोनाफोनी करताना कळलं, तसलाच कॉम्प्रेसर इथे आहे. मालक म्हणाले, "माझी हरकत नाही, पण मिस्त्रींना विचारा. मशीन त्यांनीच जपलंय." सकाळी मॅडमनी मिस्त्रींना फोन केला. त्यांनी नाव विचारलं, अडचण ऐकून घेतली आणि "या" म्हणाले. एवढंच.

मिस्त्री सत्तरीचे. कारखान्याला कुलूप लागून नऊ वर्षं झाली, तरी कॉम्प्रेसरवर धुळीचा कण नव्हता. आता त्याच्या पोटात तेवढी एक पोकळी दिसत होती.

"दात मोजून घ्या," मिस्त्री म्हणाले. "तिकडे गेल्यावर घोळ नको."

मॅडमनी दात मोजले, माप घेतलं. बरोबर जुळलं. त्यांच्या जिवात जीव आला. गिअर फडक्यात बांधता बांधता, काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, "इतकं चांगलं मशीन. बंद कशानं पडलं?"

"एका व्हॉल्व्हपायी. असंच, कंपनीने बनवायचं सोडलेलं. दिसेल त्या कारखान्याला पत्र टाकलं. एकाकडे दोन होते, पण 'आम्हालाच लागतील' असं कळवलं त्यांनी. मग ऑर्डरी गेल्या. मग माणसं. साठ जण होतो आम्ही."

मॅडमचे हात थांबले. आपल्या प्लांटच्या भांडारातले ते दोन व्हॉल्व्ह त्यांना आठवले. एक तर अजून खोक्यातून बाहेरही निघाला नव्हता. उत्तर दोन ओळींचं होतं.

"ते उत्तर मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

"माहीत आहे. सहीखाली नाव होतं." मिस्त्रींनी फडक्याची टोकं त्यांच्या हातून घेतली आणि गाठ घट्ट मारली. "सकाळी फोनवर तेच नाव ऐकलं. म्हटलं, बाई यायच्या आत खोलून ठेवू. मागायची वेळ येऊ नये तुमच्यावर."